भेट एकाला, भार दुसऱ्यावर

आम्हा डॉक्टरमंडळींना भेटवस्तू निवडण्याचा सराव फारसा नाही. शाल, श्रीफळ, चांदीची गणेशमूर्ती आणि फार तर भिंतीवरचे घड्याळ, एवढ्यातच आमची कल्पनाशक्ती थकते. त्यामुळे आमच्या गुरुवर्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने आम्ही दहा-बारा जुने विद्यार्थी जमलो असता एका मित्राने "सरांना बॅटरीवर चालणारा लीफ ब्लोअर देऊ या" असे सुचवले, तेव्हा क्षणभर सारेच स्तब्ध झाले. नळीतून वेगाने हवा फेकून अंगणातला पालापाचोळा एका कडेला सारणारे हे हातात धरण्याचे यंत्र आता आपल्या इंदूरच्या बाजारातही मिळते.

सूचना विचित्र वाटली, तरी अस्थानी नव्हती. सरांच्या बंगल्याच्या आवारात दोन जुने कडुनिंब आणि एक आंबा आहे. माघ-फाल्गुनात कडुनिंबाची पानगळ सुरू झाली की अंगण दिवसातून दोनदा झाडावे लागते. सर स्वतःच खराटा घेऊन उभे राहतात. एकदा ओल्या पाल्यावरून पाय घसरून पडलेही. मांडीचे हाड थोडक्यात वाचले. तेव्हापासून पानगळ आली की काकूंच्या जिवाला घोर लागतो. सूचना सर्वानुमते मान्य झाली, आणि मी छातीच्या विकारांचा डॉक्टर, म्हणजे हवा आणि फुंकर हा माझाच विषय, असे म्हणून निवडीची जबाबदारी मित्रांनी माझ्यावर टाकली.

पहिला प्रश्न इंधनाचा होता. पेट्रोलवरचा ब्लोअर जोरकस असतो, पण त्यातील टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर वंगणतेलही जळते आणि इंधनाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो. कॅलिफोर्नियाच्या वायुसंसाधन मंडळाच्या हिशेबानुसार असा व्यावसायिक ब्लोअर एक तास चालवला, तर धुरके निर्माण करणारे जे प्रदूषण होते ते 2017 सालची एक मोटार सुमारे 1,770 किलोमीटर चालवण्याइतके असते. त्या राज्याने 2021 साली कायदा करून अशा नव्या छोट्या इंजिनांना 2024 पासून धूरमुक्तीची अट घातली, आणि वॉशिंग्टन शहराने 2022 च्या आरंभापासून पेट्रोलच्या ब्लोअरवर बंदीच आणली. जे यंत्र तिकडे दारातून बाहेर काढले जात आहे, ते आपण गुरूंच्या दारात का न्यावे? वायर लावून चालणारा विजेचा ब्लोअर स्वस्त व हलका खरा. परंतु ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या पायांत वीस-पंचवीस मीटर वायर घोटाळू देणे म्हणजे ओल्या पाल्याऐवजी पडण्याचे दुसरे कारण पुरवणे. म्हणून कॉर्डलेस.

दुकानात गेल्यावर ध्यानी आले की खोक्यावरचे आकडे वाचणे हीसुद्धा एक विद्या आहे. 18 व्होल्ट आणि 20 व्होल्ट या दोन बॅटऱ्या बहुधा एकच असतात. पाच लिथियम पेशींचा दाब सरासरी 18 भरतो आणि पूर्ण भारित अवस्थेत तो 20 च्या पुढे जातो, इतकाच भेद. अधिक उपयोगी गणित असे: व्होल्टला अँपिअर-अवरने गुणावे. 18 गुणिले 4 म्हणजे 72 वॉट-अवर. यंत्र पूर्ण जोरावर 360 वॉट ओढत असेल, तर ही बॅटरी 12 मिनिटांत संपेल. म्हणून वेग कमी-जास्त करता येणारा ब्लोअर घ्यावा आणि बॅटऱ्या दोन घ्याव्यात. हवेचा वेग आणि हवेचे आकारमान हे दोन आकडेही निरनिराळे. वेगाने चिकटलेले पान सुटते, आकारमानाने पानांचा ढीग सरकतो. एकच आकडा ठळक छापून दुसरा लपवला असेल, तर ते खोके खाली ठेवावे. बॅटरी व चार्जर खोक्यात आहेत की वेगळे विकत घ्यायचे, हेही आधीच विचारावे. अन्यथा समारंभात यजमान खोके उघडतात आणि आत नुसते यंत्र निघते. शेवटी, बॅटरी जोडलेल्या अवस्थेत ते पाच मिनिटे एका हाताने धरून पाहावे. मनगट जे सांगते ते माहितीपत्रक सांगत नाही.

इथपर्यंत सारे सोपे होते. खरेदीपूर्वी आवार पाहून यावे म्हणून मी सरांकडे गेलो, आणि तिथे माझा निर्णय हलला.

मागील भिंतीपाशी जमिनीवर एक मोठा काळा डाग होता आणि भिंतीवर पुरुषभर उंचीपर्यंत काजळी चढली होती. चौकशी करता कळले की अंगण सर हौसेने झाडतात ते अर्धा तास. उरलेले सारे माळीकाका झाडतात, आणि गोळा झालेला पाला संध्याकाळी मागे पेटवतात. त्याच वसाहतीतील आणखी तीन बंगल्यांतही हाच क्रम. हे माळीकाका माझे जुने रुग्ण. गेली तीन-चार वर्षे थंडी सरता सरता खोकला आणि दम घेऊन ते येतात, आणि मी त्यांना नमुन्याची औषधे फुकट देऊन पाठवतो. त्यांच्या कागदावर मी स्वतःच्या हाताने "धूम्रपान : नाही" असे लिहिले होते. विडी ओढता का, हे मी विचारले होते. पाला जाळता का, हे कधीच विचारले नव्हते. जळत्या पाल्याच्या धुरात सूक्ष्म कण असतात, कार्बन मोनॉक्साइड असतो, बेंझोपायरीनसारखी कर्कजनक द्रव्येही असतात. हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. शिकवलेले आणि पाहिलेले यांची गाठ पडायला मला एक भेटवस्तू कारण व्हावी लागली, याची मला लाज वाटली.

म्हणूनच हा लेख. माझे म्हणणे असे की भेट देताना आपण ज्याचे नाव निमंत्रणपत्रिकेवर असते त्याचा विचार करतो. पण आपल्याकडील सुखवस्तू घरांत अशी वस्तू वापरणारे हात बहुधा दुसऱ्याचेच असतात. मिक्सर सुनेला दिला जातो आणि चालवते स्वयंपाकाची बाई. ब्लोअर सरांना दिला जाणार होता आणि तो चालवणार होते माळीकाका. तेव्हा त्याचे वजन, त्याचा आवाज आणि त्याने उडणारी धूळ यांचा हिशेब त्यांच्या शरीराशी मांडला पाहिजे.

धुळीविषयी आपण डॉक्टरांनी तरी डोळेझाक करू नये. कोरड्या पाल्याखाली बुरशीचे बीजाणू असतात, कबुतरांची वाळलेली विष्ठा असते. खराटा ती धूळ गुडघ्यापर्यंत उडवतो; ब्लोअर ती नाकापर्यंत आणि शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंत नेतो. उघड्या मातीवर तो चालवूच नये, फरसबंदीवर मंद वेगाने चालवावा, एन-95 मुखपट्टी लावावी, आणि फुलझाडांच्या वाफ्यांतील पाला तिथेच राहू द्यावा. तो मातीचे पांघरूण आहे. बॅटरीचा ब्लोअर पेट्रोलच्या मानाने सौम्य असला तरी मुका नसतो. 85 डेसिबल आवाजात आठ तासांहून अधिक काम करू नये, आणि प्रत्येक 3 डेसिबल वाढीगणिक ही मुदत निम्मी करावी, असा अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेचा दंडक आहे. आपल्याकडे 2000 सालच्या ध्वनिनियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रुग्णालयांभोवती 100 मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात 50 डेसिबलची मर्यादा घातली. नर्सिंग होमच्या आवारात हे यंत्र घेऊ पाहणाऱ्या बंधुभगिनींनी हा आकडा विसरू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्लोअर पाने सरकवतो, संपवत नाही. ढीग लवकर झाला तर तो लवकर पेटेल, एवढाच फरक पडायचा. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 साली देशभर उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून 5,000 रुपये दंड ठरवला. 2017 पासून सलग सात वर्षे स्वच्छतेत पहिल्या आलेल्या आपल्या शहरातही भिंतीआडचा धूर दंडाच्या धाकाने थांबत नाही. पाल्याला जागा दिली तरच थांबतो.

अखेर आम्ही दिलेली भेट अशी झाली: दोन बॅटऱ्यांसह एक हलका ब्लोअर, मुखपट्ट्यांचा डबा, कान झाकणारे आवरण, आणि काळ्या डागाच्या जागी जाळीचा एक मोठा पिंजरा, ज्यात पाला ओलसर ठेवला की काही महिन्यांत खत होते. यंत्र आले म्हणून माळीकाकांच्या पगाराला कात्री लागू नये, ही विनंती मी काकूंना आधीच केली होती. त्या म्हणाल्या, "अहो, वेळ वाचला तर गुलाबांकडे लक्ष देतील, पैसे कशाला कापायचे?" समारंभात शाल सरांच्या खांद्यावर पडली, ब्लोअर मात्र सरांनी स्वतः माळीकाकांच्या हाती दिला.

माळीकाकांचा खोकला गेला, असे मी म्हणणार नाही. फुप्फुसांची फुंकर यंत्रावर मोजली तेव्हा श्वासमार्ग बरेच अरुंद झालेले आढळले, आणि झालेली हानी सारी भरून येत नाही. पण त्यांच्या कागदावर आता एक ओळ अधिक आहे: "पाल्याचा धूर : होता, बंद केला." आपल्या दवाखान्यात खोकत येणाऱ्या प्रत्येक माळ्याला, झाडणाऱ्या प्रत्येक मावशीला हा एक प्रश्न आपण विचारावा. ती भेट कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि तिला बॅटरीही लागत नाही.