पंचहौदचा चहा, विहिरीचे पाणी आणि पंडिता रमाबाईंची ‘कृपा’

१/ स्वारगेटपासून जवळच, गुरुवार पेठेत, पंचहौद मिशन आहे. तेथील पवित्र नाम देवालय १८८५ मधले. इतिहासप्रेमींना हे नाव ठाऊक असते ते चहामुळे. ख्रिस्ती धर्मातील क्षमेचा विचार पुण्याच्या इतिहासात कोठे भेटतो, हे शोधायचे तर आरंभ याच चहापासून करावा.

२/ १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील अनेक प्रतिष्ठित मंडळी मिशनमध्ये जमली. चहा आला. पुढे नावे छापून आली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी आपण काशीस ते घेतल्याचे सांगितले. एका पेल्यासाठी एवढा न्यायनिवाडा झाला!

३/ या मिशनशी वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाचा निकटचा संबंध होता. पुण्यात याच भगिनींशी ओळख झाल्यावर पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांना फुलहॅम येथील आश्रयगृह दाखवण्यात आले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची शुश्रूषा भगिनी स्वतः करीत होत्या.

४/ रमाबाई शास्त्रे जाणत होत्या. व्यभिचारिणीला कुत्र्यांच्या तोंडी देण्याची शिक्षा मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. मात्र मोशेच्या नियमशास्त्रातही अशा अपराधाला मृत्युदंडच आहे. तेव्हा हा भेद केवळ दोन धर्मग्रंथांमधला नव्हे. शास्त्र हाती असताना माणसाशी आधी कसे वागावे, हा खरा प्रश्न आहे.

५/ फुलहॅमच्या संदर्भात त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय भेटला. विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री. यहुदी तिच्या लोकांशी व्यवहार टाळीत. येशूला तिचे पूर्वायुष्य ठाऊक आहे, तरी तो तिच्याकडेच पाणी मागतो. चौकशी नंतर, पाणी आधी! पंचहौदच्या चहाशेजारी ही कथा ठेवून पाहा.

६/ २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पण १९०७ मधील आत्मनिवेदनात त्या सांगतात की तेव्हा बुद्धीला पटणारा धर्म गवसला होता, ख्रिस्त नव्हे. क्षमा कमवायची नसते, ती आहे त्या स्थितीत स्वीकारायची असते, ही जाणीव त्यांना अनेक वर्षांनी झाली. माझ्या मते त्यांच्या धर्मांतराचा गाभा हाच आहे. ‘मिशनऱ्यांचे आमिष’ या लोकप्रिय निकालात तो बसत नाही.

७/ याची साक्ष केडगावला मिळते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-स्त्रिया आणल्या. मुक्ती मिशनमध्ये ज्यांना कोणीच दारात उभे करीना, अशा स्त्रियांसाठी वेगळे घर झाले. त्याचे नाव ‘कृपासदन’. नावात न्याय नाही, सुधारणाही नाही, कृपा आहे.

८/ येथे आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ख्रिस्ती संस्थांनी नेहमी दयाच केली काय? नाही. आयर्लंडमधील मॅग्डलीन धुलाईगृहांत ‘उद्धारा’च्या नावाखाली स्त्रियांना कोंडून राबवले गेले. शेवटचे धुलाईगृह १९९६ मध्ये बंद झाले. २०१३ मध्ये तेथील पंतप्रधानांनी क्षमा मागितली. दया करणारा स्वतःला न्यायाधीश समजू लागला, की आश्रयाचा तुरुंग होतो.

९/ दया म्हणजे अपराधाकडे डोळेझाक नव्हे. शुभवर्तमानातला येशू दगड मारणाऱ्यांना परतवतो आणि त्या स्त्रीला पुन्हा पाप करू नकोस असेही बजावतो. फरक क्रमाचा आहे: आधी जीव वाचवणे, मग उपदेश. हा विचार मराठीला परका नाही. विठ्ठलाला पतितपावन म्हणणाऱ्या भाषेला तो कळायला हवा.

१०/ म्हणून इतिहास वाचणाऱ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगणे: रमाबाईंना ‘धर्मद्रोही’, प्रायश्चित्त घेणाऱ्या रानड्यांना ‘भित्रे’ ठरवण्याआधी त्यांच्यापुढचा पेच समजून घ्या. निकाल द्यायला आपण मोकळे आहोतच. पण ज्याचे म्हणणे ऐकलेच नाही, त्याच्यावर दिलेला निकाल म्हणजे इतिहास नव्हे. ते नवे ग्रामण्य आहे.