तोट्याचा रकाना

‘विषय वाङ्मयीन नाही’ हा शेरा आपल्याकडच्या संशोधन-समित्या इतक्या सहजपणे मारतात की त्यामागे वाङ्मयाची एक व्याख्या गृहीत धरलेली असते, याचाही त्यांना विसर पडतो. एका विद्यार्थिनीने व्यावसायिक खेळाडूंच्या आत्मपर लेखनावर प्रबंधाचा प्रस्ताव मांडला होता. क्रिकेटपटूंच्या आत्मचरित्रांपर्यंत कोणाची हरकत नव्हती. सामग्रीच्या यादीत पोकर खेळणाऱ्यांची वार्षिक सिंहावलोकने दिसताच मात्र एका ज्येष्ठ सदस्यांनी ‘जुगाऱ्यांच्या चोपड्या तपासायला आपण सावकार आहोत की समीक्षक?’ असे विचारले. सगळे हसले. ते प्रकरण आराखड्यातून गेले. विद्यार्थिनीने मुकाट्याने ते गाळले, कारण तिला पदवी हवी आहे. माझे म्हणणे असे की जे गाळले गेले तेच त्या प्रबंधातले सर्वांत वाङ्मयीन प्रकरण होते, आणि ते गाळताना समितीने जुगाराविषयी नव्हे, तर आपल्या आत्मपर लेखनाच्या कल्पनेविषयी बरेच काही उघड केले.

हा लेखनप्रकार काय आहे ते आधी पाहू. वर्ष सरताना किंवा नवे सुरू होताना अनेक व्यावसायिक पोकरपटू मागच्या वर्षाचा हिशेब लिहून काढतात. किती स्पर्धा खेळलो, प्रवेशशुल्कापोटी किती रक्कम गेली, बक्षिसांतून किती परत आली, कोठे चुकलो, कोठे बरोबर खेळूनही हरलो, पुढच्या वर्षी कोणते खेळ वाढवायचे, कोणते सोडायचे. कॅनडाचा डॅनियल नेग्रानू हा या प्रकाराचा सर्वांत प्रसिद्ध लेखक. २०१७ या वर्षात त्याने २७ लाख डॉलरांहून अधिक रकमेची बक्षिसे मिळवली आणि वर्षअखेरीस जाहीर केले की शुल्क वजा जाता आपल्याला सुमारे ८६ हजार डॉलरांचा तोटा झाला. २०२३चा त्याचा तोटा २२ लाख डॉलरांच्या घरात होता. तोही त्याने स्वतःच छापला.

या आकड्यांचे महत्त्व कळण्यासाठी या व्यवसायातली एक सोय ध्यानात घ्यावी लागते. खेळाडूंच्या कमाईची सर्वपरिचित सूची ‘हेंडन मॉब’ या नावाने चालते. तीत मिळालेल्या बक्षिसांची बेरीज असते. ज्या स्पर्धांत खेळाडू रिकाम्या हाताने उठला त्या तेथे नोंदल्याच जात नाहीत. ही सूची वाचणाऱ्याला प्रत्येक पोकरपटू श्रीमंत वाटतो, आणि त्या यादीत कोणाचीही बेरीज कधी कमी होत नाही. नेग्रानू त्या सूचीच्या शेजारी दुसरा रकाना आखतो आणि त्यात गेलेली रक्कम मांडतो. त्याला कोणी भाग पाडलेले नाही. उलट, असे न करण्यात त्याचा व्यावसायिक फायदा आहे.

आता आपल्या पुस्तकांच्या मलपृष्ठावरचा लेखक-परिचय आठवावा. तो ‘हेंडन मॉब’च्या पद्धतीनेच लिहिलेला असतो. इतके कवितासंग्रह, इतके पुरस्कार, अमुक समितीचे सदस्यत्व. आवृत्तीच्या किती प्रती गोदामात पडून आहेत, किती प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले, पुस्तक काढण्यासाठी कवीने पदरचे किती मोजले, याचा रकाना तेथे नाही. परिचयात नसला तर नसो, पण आत्मचरित्रातही तो क्वचितच सापडतो. दिवाळीनंतर येणारे वार्षिक वाङ्मयाचे आढावे तर बेरजेचेच असतात. वर्षभरात मराठी कादंबरीने काय गमावले, असा आढावा निदान माझ्या वाचनात नाही. (‘वाङ्मयीन संस्कृतीचा ऱ्हास’ ही तक्रार मी यात धरत नाही. ती कोणत्याही वर्षी, कोणताही आकडा न देता करता येते.)

अपवाद आहेत, आणि ते कोठून येतात हे पाहण्यासारखे आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त संसारातला अभाव लपवलेला नाही. १९७८मध्ये आलेल्या दया पवारांच्या पुस्तकाचे शीर्षक ‘बलुतं’ आहे, आणि बलुते हा शब्दच मुळात गावकीच्या हिशेबातला आहे. कामाच्या बदल्यात सुगीला मिळणारा धान्याचा वाटा, म्हणजे वर्षाकाठचा देण्याघेण्याचा व्यवहार. ज्यांना नफ्याचा रकाना कोणी दिलाच नाही त्यांनी तोटा नेमकेपणाने लिहिला. सभ्य मध्यमवर्गीय आत्मचरित्राला मात्र तोटा लिहायचा झाला की तो ‘संघर्ष’ म्हणून लिहावा लागतो. संघर्ष हा पुढच्या यशाचा हप्ता असतो.

येथे पोकरपटूच्या सिंहावलोकनाचा दुसरा, अधिक खोल विशेष येतो. हा लेखक निर्णय आणि निकाल यांना वेगवेगळे तपासतो. समजा, एकाच्या हातात दोन एक्के आहेत, दुसऱ्याच्या हातात दोन राजे, आणि उरलेली पाने उघडण्यापूर्वीच दोघांनी सर्व पैसे पटावर ठेवले. एक्केवाला शंभरांतून सुमारे ८२ वेळा जिंकेल. उरलेल्या १८ वेळांपैकी एखादी वेळ नेमकी वर्षातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत आली तर वर्ष तोट्यात जाईल. निर्णय तरीही बरोबरच होता. उलट, चुकीचे खेळूनही कोणी त्या रात्री लाखो डॉलर घेऊन उठेल. लास वेगासच्या जागतिक स्पर्धामालिकेतील मुख्य स्पर्धेत २०२५मध्ये ९,७३५ प्रवेशिका होत्या. एवढ्या गर्दीत चांगला खेळणारा माणूसही ओळीने काही वर्षे हरू शकतो. म्हणून प्रामाणिक सिंहावलोकन लिहिणाऱ्याला जिंकलेल्या डावांकडेही संशयाने पाहावे लागते. येथे मी जिंकलो, पण खेळलो का नीट?

हा प्रश्न मराठी आत्मचरित्रकार स्वतःला विचारताना मला फारसा दिसत नाही. आपले आत्मचरित्र शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिले जाते. लेखक कुलगुरू झाला, म्हणून विशीत घर सोडण्याचा त्याचा निर्णय द्रष्टेपणाचा ठरतो. त्याच गाडीने, तेवढेच पैसे खिशात घालून मुंबईला आलेला दुसरा तरुण काहीच झाला नाही. त्याचा निर्णय आपल्याला वाचायला मिळत नाही, कारण त्याने आत्मचरित्र लिहिले नाही. समीक्षाही याच वाटेने जाते. पुरस्कार मिळाला की त्या कादंबरीच्या रचनेतले धोके ‘धाडस’ ठरतात. नाही मिळाला, तर तेच धोके ‘पकड सुटणे’ होतात. निकाल पाहून निर्णयाला गुण देण्याची ही सवय आपण वर्गात विद्यार्थ्यांना लावतो आणि तिला रसास्वाद म्हणतो.

‘पण हा जुगार आहे,’ हा आक्षेप येणारच. येऊ द्या. आपल्या परंपरेत जुगाऱ्याचे चित्र फक्त शापग्रस्ताचे आहे, असे मानणाऱ्यांनी ती परंपरा पूर्ण वाचलेली नसते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त जुगाऱ्याच्या तोंडून येते. त्यात पश्चात्ताप आहे, पण फाशांच्या ओढीची कबुलीही तितकीच उघड आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला संवाहक नेमक्या दहा सुवर्णांसाठी पळतो. नाटककाराला रक्कम सांगण्याची लाज वाटलेली नाही.

महाभारताचे काय? सभापर्वातले द्यूत सर्वांना पाठ असते. वनपर्वातले नलोपाख्यान बहुतेकांच्या लेखी हंसापाशी संपते. रघुनाथ पंडितांचे आख्यान स्वयंवराचे आहे आणि अभ्यासक्रमांनी आपल्याला तेवढाच नळ दाखवला, हे याचे एक कारण असावे. पुढचा नळ राज्य हरलेला, बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाच्या पदरी सारथी म्हणून राहिलेला आहे. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून पाने-फळांची संख्या सांगतो. नळ रथ थांबवतो, विश्वास ठेवत नाही, स्वतः मोजतो, आणि संख्या बरोबर निघते. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे आणि गणनेचे मर्म, शिकतो आणि त्याच क्षणी कली त्याच्या देहातून बाहेर पडतो. व्यासांनी कलीला घालवण्यासाठी नळाला द्यूतत्यागाची शपथ घ्यायला लावलेली नाही. त्याला मोजायला शिकवले आहे.

ही कथा बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला सांगतात आणि अखेरीस ती विद्या त्यालाही देतात. पुढे तेराव्या वर्षी, अज्ञातवासात, युधिष्ठिर कंक हे नाव घेऊन विराटाच्या दरबारी द्यूतकुशल सभासद म्हणून राहतो. ज्या खेळाने राज्य घालवले तोच खेळ बरोबर एक वर्ष त्याचा व्यवसाय होतो, आणि त्यात जिंकलेले धन तो राजाच्या नकळत भावांना वाटतो. सभापर्वातल्या युधिष्ठिरावर आपण ग्रंथ लिहिले. विराटपर्वातल्या या नोकरदार, सावध, कमावत्या द्यूतकाराविषयी जवळजवळ काहीच लिहिले नाही. तो आपल्या नैतिक चौकटीत बसत नाही, हेच त्याचे कारण असणार.

पाश्चात्त्य साहित्य शिकवतानाही आपण एकच जुगारी शिकवतो, दस्तयेवस्कीचा. १८६६मध्ये २६ दिवसांत सांगून लिहवलेली ‘जुगारी’ ही कादंबरी थोर आहेच. (खरा मोठा डाव तिच्या बाहेर होता. ठरल्या मुदतीत कादंबरी न दिल्यास आपल्या लेखनाचे नऊ वर्षांचे हक्क प्रकाशकाला देण्याचा करार दस्तयेवस्कीने केला होता.) पण तिचा नायक झपाटलेला आहे आणि झपाटलेपण आपल्या समीक्षेला फार आवडते. नीतिवादी त्याची कीव करतात, सौंदर्यवादी त्याच्यावर भाळतात. जुगारी म्हणजे स्वतःवरचा ताबा गेलेला माणूस, हे दोघांचेही गृहीतक एकच. ताबा राखणे हाच ज्याचा धंदा आहे त्याच्याशी काय करावे, हे दोघांनाही कळत नाही.

इंग्रजीत हे काम कवितेच्या लोकांनी केले. १९५६ ते १९६६ या काळात ‘ऑब्झर्व्हर’चे काव्यसंपादक असलेले समीक्षक अल अल्वारेझ यांनी १९८१ची लास वेगासची स्पर्धामालिका पाहिली आणि १९८३मध्ये ‘द बिगेस्ट गेम इन टाऊन’ लिहिले. आत्महत्या आणि साहित्य यांवरचा ‘द सॅव्हेज गॉड’ हा ग्रंथ लिहिणारा हाच माणूस. त्यांच्या मंगळवारच्या बैठकीत खेळणारे चरित्रकार अँथनी होल्डन यांनी १९८८च्या स्पर्धेपासून १९८९च्या स्पर्धेपर्यंत व्यावसायिक पोकरपटू म्हणून जगून पाहिले आणि ‘बिग डील’ (१९९०) या पुस्तकात त्या वर्षाचा हिशेब मांडला. शेक्सपिअरचे चरित्र लिहिण्याइतकीच गंभीर शिस्त त्या वर्षाच्या नोंदींना लागते, हे त्यांना कोणत्या समितीला पटवून द्यावे लागले नसावे.

या लेखनाला मर्यादा नाही असे मात्र मुळीच नाही. खरी समीक्षा तेथेच सुरू व्हायला हवी होती. पोकरपटू ज्या पैशावर जगतो तो आकाशातून पडत नाही. तो समोर बसलेल्या कमी कुशल माणसाच्या खिशातून येतो आणि वाटेत खेळघराचा वाटा कापला जातो. वार्षिक सिंहावलोकनात तो समोरचा माणूस कोठे असतो? ‘चांगले टेबल मिळाले’ या वाक्यात. म्हणजे त्या टेबलावर वाईट खेळणारे बसले होते. त्यांच्यातल्या कोणाचे घर गहाण होते, हे या लेखनप्रकाराला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घ्यायचे नसते. शिवाय असे सिंहावलोकन जे टिकले तेच लिहितात. तिसऱ्या महिन्यात कर्ज काढून उठलेला डिसेंबरात लिहायला राहत नाही. स्वतःचा तोटा दाखवणारा हा लेखक इतरांचा तोटा झाकतो, हा त्या प्रबंधाचा मध्यवर्ती प्रश्न होऊ शकला असता. समितीने विनोद केला आणि तो प्रश्नही घालवला.

तो आपल्याकडे पुस्तकी प्रश्नही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७मध्ये, तेही शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांच्या प्रकरणात, कौशल्य आणि नशीब यांत भेद केला. १९६८मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटले. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांपुरता तो भेद निरर्थक ठरवला, आणि भारतातल्या पोकरच्या संकेतस्थळांनी पैशांचे खेळ बंद केले. कर्जात बुडालेल्या घरांचा विचार करता कायद्यामागची चिंता मला समजते. कायद्याला सरसकट बोलावे लागते. समीक्षेवर तशी सक्ती नाही, आणि तरीही ती कायद्याहून सरसकट बोलते, हे माझे दुखणे आहे.

राहिले पुढच्या वर्षाचे नियोजन. नवोदित ‘यंदा अमुक लाख कमावीन’ असे लिहितो. मुरलेला खेळाडू असे लिहीत नाही, कारण कमाई त्याच्या हातात नाही. तो लिहितो की एका स्पर्धेत एकूण भांडवलाच्या अमुक हिश्शाहून जास्त लावणार नाही, दमलेल्या अवस्थेत बसणार नाही, अमुक प्रकारचा खेळ कच्चा आहे तो रोज अभ्यासीन. २०१७मध्ये ‘लिब्राटस’ या संगणक-प्रणालीने चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांच्या सामन्यात हरवले. आता हा अभ्यास बव्हंशी यंत्राशी ताडून पाहण्याचा झाला आहे, म्हणजे आपला डाव सपशेल चूक होता हे रोज संध्याकाळी वाचण्याचा. आपल्यापैकी किती लेखक-प्राध्यापक ‘यंदा कादंबरी पूर्ण करणार’ याऐवजी ‘यंदा रोज दोन तास बसणार आणि जमले नाही ते लिहून ठेवणार’ असा संकल्प करतात?

२०२३च्या त्या तोट्यानंतर नेग्रानू २०२४मध्ये ५० हजार डॉलर प्रवेशशुल्काच्या ‘पोकर प्लेअर्स चॅम्पियनशिप’मध्ये उतरला आणि जिंकला. जागतिक मालिकेतले त्याचे ते २०१३नंतरचे पहिले विजेतेपद. आपल्या आत्मचरित्रकाराने येथे प्रकरण संपवले असते, आणि त्याला ‘अखेर फळ आले’ असे शीर्षक दिले असते. पण या लेखनप्रकाराच्या स्वतःच्याच कसोटीने त्या एका विजयावरून काहीच सिद्ध होत नाही. २०२३मध्ये तो वाईट खेळला होता की नुसता हरला होता, हे त्या वर्षीचे डाव उघडूनच पाहावे लागते.