खाडी ओलांडून न्याहारीला

कळव्याच्या माणसाला बेटावर जायला ना विमान लागते, ना बोट, ना पासपोर्ट. त्याला लागते धिम्या गाडीचे तिकीट. कारण जलद गाडी आमच्या स्टेशनाकडे ढुंकूनही न पाहता निघून जाते. कळवा मुख्य भूमीवर, मध्ये खाडी, आणि खाडीपलीकडचे ठाणे साष्टी बेटावर. सहासष्ट गावांची म्हणून षट्षष्टी, आणि षट्षष्टीची साष्टी. रोज सकाळी डब्याची पिशवी सांभाळीत आमच्याकडची हजारो माणसे या बेटावर उतरतात आणि रात्री दमूनभागून परततात. पण आपण समुद्र ओलांडून आलो, हे त्यांच्या गावीही नसते.

यंदा सुट्टीत कुठे जायचे, याविषयी आमच्या घरी नवरात्रातच परिषद भरली. चिरंजीवांचा ओढा अंदमानाकडे, सूनबाईंचा बालीकडे. आठ वर्षांच्या नातवाची मागणी त्याहून सुटसुटीत होती : "कुठलेही चालेल, पण बेट पाहिजे. आणि खायला रोज नवीन." विमानाच्या तिकिटांचे आकडे ऐकल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी चष्मा काढून ठेवला. हे लक्षण मी चाळीस वर्षे ओळखतो. त्या म्हणाल्या, "बेटच हवे ना? पुढच्या स्टेशनावर आहे. चार दिवस रोज जाऊ. घरी स्वयंपाक बंद." शेवटच्या दोन शब्दांनी ठराव एकमताने मंजूर झाला.

पहिला दिवस ठाण्याचा. गाडी पुलावर आली तेव्हा मी नातवाला सांगितले, "१६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी बोरीबंदरहून निघाली, ती ठाण्याला येऊन थांबली. म्हणजे ती बेटांवरच धावली. पुढच्या वर्षी, १८५४ साली, खाडीवर पूल होऊन गाडी कल्याणपर्यंत गेली, आणि मुख्य भूमीवर तिने पहिले पाऊल टाकले ते आपल्या कळव्याच्या मातीवर." नातू म्हणाला, "मग आता ती तिथे थांबत का नाही?" काही प्रश्नांना इतिहासात उत्तर नसते.

ठाण्यात मिसळ खायची ती मामलेदाराची. मामलेदार कचेरीच्या शेजारी म्हणून मामलेदार. एरवी सरकारी कचेरीच्या नावाने कुणाच्या तोंडाला पाणी सुटल्याचे ऐकिवात नाही. बशी पुढे आली. वर लाल तर्री, मध्ये फरसाण, तळाशी उसळ, बाजूला पाव. पहिल्या घासाला नातवाच्या डोळ्यांत पाणी आले, दुसऱ्याला नाकात, आणि तिसऱ्याला त्याने पाव पुढे ओढला. सूनबाईंनी ताक मागवले. चिरंजीव अंदमान विसरून दुसऱ्या बशीची वाट पाहू लागले.

"आजोबा, हे सगळे इथलेच ना?" नातवाने विचारले.

वाचकहो, इथे मला थोडे थांबले पाहिजे. त्या बशीत इथले किती होते? तर्रीतली मिरची अमेरिका खंडातून आली. पोर्तुगीज गलबतांनी ती आणण्यापूर्वी आपल्याकडे तिखट करीत ते मिरी, पिंपळी आणि आल्याने. मिसळीत बटाटा असला तर तोही तिकडचाच, आणि 'बटाटा' हे त्याचे नावसुद्धा पोर्तुगीज. पाव तर शब्दासकट त्यांचा. पेरू, पपई, अननस आणि काजू ही मंडळीही त्याच वाटेने आली. घरोघरी आता चिवड्याची कढई चढली असेल. त्यातून मिरची काढा, काजू काढा, शेंगदाणे काढा. उरतील पोहे, डाळे आणि गृहिणीचा उतरलेला चेहरा. आपली 'खास मराठी' चव निम्मीअधिक बोटीतून उतरलेली आहे.

साष्टी पोर्तुगीजांकडे गेली १५३४ साली, वसईच्या तहाने. मराठ्यांनी ती १७३७ साली परत घेतली, आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसईही घेतली. ही मधली दोनशे वर्षे आपण तलवारीने पुसली. पावाने पुसू दिली नाहीत. त्यांची खूण म्हणून मासुंदा तळ्याकाठचे सेंट जॉनचे देऊळ दुपारी दाखवले. या बेटावर त्या काळी ख्रिस्ती झालेल्यांचे वंशज आज ईस्ट इंडियन म्हणवतात. हे नाव १८८७ सालचे, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातले. भाषा मात्र मराठीचीच एक बोली. वीसपंचवीस जिन्नस भाजून, कुटून बाटल्यांत दाबून भरलेला त्यांचा 'बॉटल मसाला' आणि फुग्यासारखे फुगलेले, तळलेले 'फुगे' ज्याने खाल्ले नाहीत, त्याने साष्टीची निम्मीच चव घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेटावरून बेटावर गेलो, म्हणजे शीव ओलांडून मुंबई बेटावर. शीव म्हणजे हद्द. साष्टी इथे संपे आणि मुंबई सुरू होई. मध्ये पाणी असे. १८०५ साली तिथे बांध झाला, १८४५ साली माहीमचा झाला, आणि दोन्ही बेटे पायी चालण्याजोगी झाली. पुढे माटुंग्याचे कॅफे मद्रास, १९४० सालापासूनचे. बाहेर ताटकळणाऱ्यांची यादी मोठी, पण आत एकदा बसलात की इडली तुमच्याआधी स्थिरस्थावर झालेली असते. रसम-वडा, पेसरट्टू आणि शेवटी पितळी वाटी-पेल्यातली कॉफी. कॉफी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतण्याचे कसब नातवाने शर्टावर आजमावले. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, सुट्टी होती.

तिसऱ्या दिवशी धोबीतलावाला कयानी, १९०४ सालचे इराण्याचे हॉटेल. ब्रून पाव, त्यावर मस्का, आणि पाव बुडवला की वर तुपाचे चांद काढणारा चहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातून आलेल्या मंडळींनी अशी हॉटेले काढली. कोपऱ्यावरची जागा अपशकुनी म्हणून इतर दुकानदार घेत नसत, ती यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. आमच्या टेबलाशी एक खुर्ची मोकळी होती. एक अनोळखी म्हातारे गृहस्थ "बसू का?" असे डोळ्यांनीच विचारून बसले, चहात पाव बुडवून शांतपणे खाल्ला आणि उठताना नातवाच्या डोक्यावर हात ठेवून गेले. त्यांची जात, भाषा, गाव आम्हांला कळले नाही. विचारावेसेही वाटले नाही.

ही गोष्ट साधी वाटते. पण ती साधी व्हायला फार दिवस लागले.

विहिरीत पाव टाकला, ते पाणी गावाने प्यायले आणि सारा गाव बाटला, अशी कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगतात. कथा खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांचा पावाविषयीचा धाक खरा होता. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी व्याख्यानाला गेली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. त्या मंडळींत रानडे होते, टिळक होते. त्या चहावरून ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, आणि या दोन थोर पुरुषांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा पिऊ लागले, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. राजाने एक कप चहा पिणे हे त्या काळी फर्मान काढण्याइतके मोठे काम होते. आज मिसळीच्या बाकावर आपण कोपराला कोपर लावून बसतो, आणि ती कोपरे कुणाची हे पाहत नाही. हॉटेलवाल्यांनी याची व्याख्याने दिली नाहीत. त्यांनी बाक आखूड केले.

चौथा दिवस आम्ही कळव्यातच काढला. नातवाने हरकत घेतली, "हे बेट नाही." सौभाग्यवती म्हणाल्या, "बेटावरची माणसे जे खातात, ते आपल्या खाडीत मिळते." बाजारातून चिंबोऱ्या आणि कोळंबी आली. स्वयंपाक बंद ठेवण्याचा ठराव मोडला, पण मोडणाऱ्याने स्वतः मोडला असल्याने कुणी बोलले नाही. आमच्या शेजारच्या खारेगावच्या आगरी वहिनींनी तांदळाच्या भाकऱ्या करून दिल्या : पांढऱ्याशुभ्र, पातळ, आणि इतक्या मऊ की घडी करून खिशात ठेवाव्या. हे आगरी लोक पिढ्यान्‌पिढ्या खारजमिनीत भात आणि मिठागरात मीठ पिकवीत आले. सूनबाईंचे माहेर शाकाहारी. त्यांनी भाकरीबरोबर वालाचे बिरडे घेतले. एकाच टेबलाशी, एकाच वेळी, दोन्ही. कुणाच्या ताटात काय आहे, यावरून कुणाचे ताट हलले नाही.

मासेवाल्या कोळिणीने मात्र जाता जाता एक गोष्ट सांगितली. "निवट्या आता मिळतोय कुठे, दादा? आमच्या सासऱ्याच्या वेळी टोपल्या भरत." गेल्या साठ वर्षांत खाडीच्या दोन्ही काठांना कारखाने आले, वस्ती आली, आणि त्या सगळ्यांचे सांडपाणी खाडीने पोटात घेतले. खाडीतल्या रोहित पक्ष्यांसाठी २०१५ साली अभयारण्य झाले, २०२२ साली ठाणे खाडीला रामसरचा आंतरराष्ट्रीय मानही मिळाला. पाखरांच्या जेवणाची सोय सरकारदरबारी नोंदली गेली, ही आनंदाचीच गोष्ट. त्याच चिखलावर जेवणाऱ्या माणसांचीही नोंद व्हावी, एवढेच मागणे.

त्याच संध्याकाळी माझा भाचा फराळाला आला. नुकते लग्न झालेले, दोघे भाड्याचे घर शोधताहेत. बेटावरच्या एका उपनगरात त्यांना घर पसंत पडले, अनामत ठरली, आणि शेवटी संस्थेच्या सभासदाने गोड आवाजात विचारले, "आपण मासे वगैरे खाता का?" भाच्याने खरे सांगितले. घर गेले. तो हसत हसत सांगत होता; त्याची बायको हसत नव्हती. तिने हळूच विचारले, "मामा, पुढच्या वेळी नाही म्हणून सांगू का?"

मी तिला "नको" म्हणालो. खरे बोलून एखादे घर हातचे जाईल; पण खोटे बोलून घेतलेल्या घरात रोज खिडक्या लावून फोडणी द्यावी लागेल, आणि वास दाबता दाबता एक दिवस आपल्या आईच्या हातची आमटी लपवावीशी वाटू लागेल. ज्याला मासे चालत नाहीत, त्याने ते खाऊ नयेत. त्याच्या ताटाचा मान आहेच. पण शेजाऱ्याच्या कढईवर पहारा बसवणे हे सोवळे नव्हे. ते जुने ग्रामण्य आहे, फक्त आता लिफ्टने वर येते. भाच्याने दुसरे घर शोधायला घेतले आहे. आधी खरे सांगायचे, मग घर पाहायचे, असे दोघांनी ठरवले आहे. त्यांना ते मिळो.

चारी बाजूंनी पाणी असले म्हणजे बेट होते, हे भूगोलात असते. चारी बाजूंनी 'चालत नाही' असले म्हणजेही बेटच होते, हे भूगोलात नसते. पाण्याची बेटे आपल्या पूर्वजांनी बांध घालून, पूल टाकून जोडली. कळव्याच्या खाडीवर इंग्रजी अमदानीतल्या दगडी पुलानंतर नवे पूल झाले, २०२२ साली आणखी एक झाला. दुसऱ्या जातीच्या बेटांना असले पूल पुरत नाहीत. तिथे बशी लागते.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाचे ताट शेजारी पाठवताना एक दार पुढे जा. ज्या दारावर आजवर ताट गेले नाही, तिथे एक पाठवा. परत येताना ते रिकामे येणार नाही, एवढी खात्री देतो. शेवया असतील, केक असेल, नाहीतर नुसती साखर. ती खा. आणि ही दीपावली आपणां सर्वांस सुखाची, भरल्या ताटाची जावो.