मध्ये बघायला काय आहे?

आपली सहल पॉइंटांवर ठरते. महाबळेश्वरला कोणते पॉइंट, कोकणात वाटेवर कोणती देवळं, मासे कुठे चांगले मिळतात, एवढं कळलं की उरलेला रस्ता ज्याच्या हातात स्टिअरिंग तो बघून घेतो. येत्या जूनमध्ये मेलबर्नहून पर्थला गाडीने जायचा घाट घातला, तेव्हा ताईनेही सवयीने मेलबर्नच्या लेकाला विचारलं, "मध्ये बघायला काय काय आहे?" भाच्याने नावं घ्यायला सुरुवात केली. नंड्रू, नलारबोर, बॉर्डर व्हिलेज, युक्ला, मंड्राबिला, मदुरा, कॉकलबिडी, कायगुना, बॅलाडोनिया. ताई वहीत लिहून घेत होती. "ही सगळी गावं का रे?" तर म्हणे, "नाही गं, पेट्रोल पंप आहेत." आणि पंपांची यादी संपून नॉर्समन नावाचं खरंखुरं गाव आलं, तेव्हा पर्थ तिथूनही सातशे किलोमीटर पुढे होतं.

तेव्हापासून आमच्याकडे रविवारी संध्याकाळी नकाशा उघडला जातो. मेलबर्न ते ॲडलेड सव्वासातशे किलोमीटर, तिथून पोर्ट ऑगस्टा आणखी तीनशे. पोर्ट ऑगस्टाला एअर हायवे सुरू होतो. हवेशी त्याचा संबंध नाही, एअर हे एका माणसाचं आडनाव. हा रस्ता नॉर्समनपर्यंत साधारण 1,660 किलोमीटर जातो. सगळं मिळून 3,400 च्या घरात. आकडा मोठा असला तरी रस्ता सबंध डांबरी आहे, शेवटचा कच्चा तुकडा 1976 सालीच पक्का झाला. गाडी डाव्या बाजूनेच चालवायची, स्टिअरिंग उजवीकडेच. आपलं लायसन्स इंग्रजीत असल्याने पाहुण्यांना बहुतेक ठिकाणी चालतं, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतलेला बरा. भाड्याने गाडी देणारे तो मागू शकतात.

ज्याला हा बेत सांगावा, तो पहिल्यांदा पेट्रोलची काळजी करतो. काळजी चुकीच्या जागी आहे. दोन पंपांमधलं अंतर दोनशे किलोमीटरच्या आतच राहतं, साधी गाडी टाकी भरून ते सहज काटते. पेट्रोल शहरापेक्षा बरंच महाग पडतं, एवढंच. पाण्याचं जास्त बघावं लागतं. तिथे गोडं पाणी दुर्मीळ, म्हणून पिण्याचं सगळं पाणी गाडीत घेऊनच निघायचं. मोबाइलची रेंज रोडहाऊसच्या आसपास येते आणि जाते, तेव्हा नकाशे आधीच उतरवून घ्यायचे. रोडहाऊस म्हणजे पंप, खानावळ आणि मुक्कामाच्या चार खोल्या एकाच आवारात. त्या खोल्या आधी ठरवाव्या लागतात, कारण इथे खोली नाही म्हणून पुढच्या गावात बघू म्हणावं, तर पुढचं गावच नसतं.

खरी टंचाई आहे ती उजेडाची. कांगारू, वॉम्बॅट, एमू, मोकाट उंट, सगळे पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात, आणि शंभरच्या वेगात कांगारू आडवा आला तर गाडीचं काय होतं हे भाच्याने त्याच्या मित्राच्या गाडीचा फोटो पाठवून समजावलं. त्यामुळे तिथले ट्रकवाले पुढे भक्कम लोखंडी जाळी लावतात, आणि भाड्याने गाडी देणाऱ्या अनेक कंपन्यांच्या करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की दुर्गम भागात सूर्यास्तानंतर गाडी चालवली तर विमा लागू नाही. सही करण्याआधी हे कलम शोधून वाचावं. गाडी पर्थलाच सोडायची असेल तर वेगळी रक्कम भरावी लागते, तीही तिथेच कुठेतरी दडलेली असते.

आता गणित करा. जूनमध्ये तिथे थंडी, दिवस जेमतेम दहा तासांचा. दोन्ही टोकांचा एकेक तास जनावरांचा. उरले आठ. जेवण, चहा, दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करणं आणि चालक बदलणं यात दोन तास जातात, जायलाच हवेत. राहिले सहा तास, म्हणजे सहाशे किलोमीटर. दाजींनी पहिल्या रविवारी 'रोज हजार मारू' अशी घोषणा केली होती. पुणे-नागपूर रात्रीत मारल्याचा त्यांना अभिमान आहे आणि तो रास्तही आहे, पण नागपूरच्या रस्त्यावर दोन मीटर उंचीचे प्राणी उड्या मारत नाहीत.

या हिशेबात घड्याळही गोंधळ घालतं. साउथ ऑस्ट्रेलियाचं घड्याळ पर्थच्या दीड तास पुढे. मधल्या चार-पाच रोडहाऊसवाल्यांनी हा दीड तास सरळ दोन भागांत वाटून घेतलाय. बॉर्डर व्हिलेज, युक्ला, मंड्राबिला, मदुरा या पट्ट्यात ग्रीनिचच्या पावणेनऊ तास पुढची वेळ पाळतात. सरकारी कागदावर ही वेळ नाही, तरी रस्त्यावर पाटी आहे आणि लोक ती मानतात. साडेपाच तासांवर जगणाऱ्या आपल्याला अर्ध्या तासाचं नवल वाटत नाही, पण पाऊण तास म्हणजे जरा जास्तच झालं. पश्चिमेला जाताना घड्याळ मागे सरकतं, आणि तेवढा दिवस वाढून मिळाल्याचा भास होतो. कांगारू सूर्य बघून बाहेर पडतात. शिवाय दुपारनंतर तोच सूर्य थेट समोरच्या काचेत असतो, तेव्हा लांबचा टप्पा सकाळीच उरकायचा, असं आमचं ठरलंय.

ताईचा खरा संताप मात्र खाण्यावरून झाला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना फळमाशी आणि पिकांचे रोग सोबत जाऊ नयेत म्हणून गाड्या तपासतात. व्हिक्टोरियातून साउथ ऑस्ट्रेलियात शिरताना फळांवर बंदी. पुढे बॉर्डर व्हिलेजला तर फळं, भाज्या, मध, रोपं, सगळं काढून द्यावं लागतं. म्हणजे लिंबं, मिरच्या, कोथिंबीर, ताजा कढीपत्ता यांचा प्रवास तिथे संपला. "मधात काय रोग असणार?" हा तिचा सवाल. तिथल्या मधमाश्यांना बाहेरचे आजार लागू नयेत म्हणून ते मधालाही आत घेत नाहीत, आणि शेती सांभाळायची असेल तर हे बरोबरच आहे, असं माझं मत. ते मी कॉल संपल्यावर मांडलं. शिजवलेल्या भाजीला हरकत नसते, म्हणून सीमेच्या आधीच्या मुक्कामी उरलेली सगळी भाजी शिजवून टाकायची, असा तह झाला.

कायगुना ते बॅलाडोनियाच्या वाटेवर एक तुकडा 146.6 किलोमीटरचा आहे, त्यात एकही वळण नाही. म्हणजे मुंबई ते पुणे, पण घाट नाही, लोणावळा नाही, चिक्की नाही, स्टिअरिंगला हात लावायचं कारण नाही. झोप लागण्याची भीती इथे सगळ्यात मोठी. समोरून कधीतरी रोड ट्रेन येते, एका इंजिनामागे दोन अजस्र ट्रेलर, लांबी 36.5 मीटरपर्यंत. तिला ओलांडायचं तर किलोमीटरभर मोकळा रस्ता दिसल्याशिवाय बाहेर निघायचं नाही. काही ठिकाणी हायवेवरच विमानतळासारखे पांढरे पट्टे आखलेले दिसतात. तिथे फ्लाइंग डॉक्टरांचं विमान उतरतं. जॉन फ्लिन या पाद्र्याने 1928 साली क्वीन्सलंडमध्ये सुरू केलेली ही सेवा. माणूस कुठेही आजारी पडला तरी डॉक्टर उडत येतो. आमच्यातल्या दोघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे ही माहिती सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकली.

बॅलाडोनियाचं नाव ऐकून मला मात्र 1979 चा जुलै आठवला. स्कायलॅब पडणार, डोक्यावरच पडणार, म्हणून आपल्याकडे उडालेली घबराट साठीच्या आसपासच्या वाचकांना आठवत असेल. आमच्या गल्लीत लोक रात्री गॅलरीत उभे राहून आभाळ बघायचे. भर पावसाळ्यात आभाळात ढगांशिवाय दिसणार काय होतं, हे कोणी विचारलं नाही. ती स्कायलॅब अखेर पडली ती या भागात, एस्परन्स आणि बॅलाडोनियाच्या परिसरात. एस्परन्सच्या स्थानिक कौन्सिलने नासाला कचरा टाकल्याबद्दल 400 डॉलर दंड ठोठावला. नासाने तो भरला नाहीच. तीस वर्षांनी, 2009 साली, अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून पैसे गोळा करून तो चुकता केला. बॅलाडोनियाच्या रोडहाऊसमध्ये छोटं संग्रहालय आहे, स्कायलॅबची गोष्ट तिथे मांडली आहे. ज्या वस्तूने आपली झोप उडवली होती तिचा मागोवा घ्यायचा म्हणून मी तिथे तासभर मागून घेतलाय.

ज्याच्या नावाचा हा रस्ता, तो एडवर्ड जॉन एअर 1841 साली इथून चालत गेला. वाटेत त्याचा सहकारी बॅक्स्टर मारला गेला. टोळीतली दोन मुलं बंदुका आणि शिधा घेऊन पळाली. मागे उरले एअर आणि वायली नावाचा आदिवासी तरुण. पाण्याची ठिकाणं इथल्या आदिवासींना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. एस्परन्सजवळ एक फ्रेंच व्हेलिंग जहाज भेटलं, त्यावर दोघांनी बारा-पंधरा दिवस पोटभर खाल्लं आणि जुलैमध्ये ऑल्बनीला पोचले. हायवेला नाव एअरचं मिळालं. वायलीचंही असतं तर बरं वाटलं असतं.

बेतात एक अख्खा दिवस आम्ही हेड ऑफ बाइटसाठी राखलाय. जूनमध्ये अंटार्क्टिकाकडून सदर्न राइट जातीचे देवमासे पिल्लांना जन्म द्यायला तिथे किनाऱ्यालगत येतात, आणि कड्यावरच्या फळ्यांच्या वाटेवरून ते दिसतात. ताईची यावर एकच अट होती, गर्दीच्या आधी पोचायचं. गर्दी कसली, असं भाच्याने विचारलं आणि तो विषय तिथेच मिटला.

सध्या अडलंय ते गोल्फवर. सिडुना ते कालगुर्ली 1,365 किलोमीटरवर पसरलेलं अठरा होलांचं मैदान आहे, एकेका गावाला नाहीतर रोडहाऊसला एकेक होल. ट्रकवाल्यांनी आणि प्रवाशांनी मध्ये थांबावं, डोळे उघडे राहावेत, म्हणून 2009 साली ते सुरू झालं. दाजींनी आयुष्यात गोल्फची काठी धरलेली नाही, पण भाड्याने मिळते हे कळल्यापासून त्यांना अठराही होल खेळायचे आहेत. होलमागे अर्धा तास धरला तरी नऊ तास होतात, आणि आमच्याकडे रोजचे सहाच. ताईने त्यांना तीन मंजूर केले. कोणते तीन, यावर येत्या रविवारी बैठक आहे.