नकुशी हे नाव नकळत ठेवलं जात नाही

‘नेणिवेतला पूर्वग्रह’ हा शब्द आता सातारा-सांगलीतल्या आम्हा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणांतही येऊन पोचला आहे. पुरवण्यांतल्या लेखांच्या झेरॉक्स वाटल्या जातात. सूर एकच: स्त्रियांबद्दलचा दुजाभाव प्रत्येकाच्या मनात दडलेला आहे, विज्ञानानं तो मोजला आहे; संगणकावर दहा मिनिटांची चाचणी द्या, शिबिराला बसा, तो कमी होईल. ऐकायला हे सगळ्यांनाच सोयीचं आहे, म्हणूनच तपासायला हवं.

ही चाचणी अमेरिकेत अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडली. ‘स्त्री’ आणि ‘घर’ यांना एक कळ, ‘पुरुष’ आणि ‘नोकरी’ यांना दुसरी. मग जोड्या उलटवायच्या आणि किती वेळ जास्त लागला ते पाहायचं. कल्पना चांगली आहे. पण तीच व्यक्ती काही दिवसांनी पुन्हा बसली तर गुण बरेच बदलू शकतात. हे गुण आणि प्रत्यक्ष वागणूक यांचा संबंध क्षीण असल्याचं २०१३ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. २०१९ मध्ये सुमारे ५०० अभ्यास एकत्र तपासले गेले. गुण थोडे बदलता येतात, पण त्यामुळे वागणूक बदलते असं दिसलं नाही. एकेका व्यक्तीचं निदान या चाचणीनं केलं तर फार चुका होतील, असा इशारा ग्रीनवाल्ड आणि महजरीन बानाजी या तिच्या कर्त्यांनीच २०१५ मध्ये दिला. झेरॉक्सवर यातलं काहीच नसतं.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. आमच्याकडे मुलींवर होणारा अन्याय नेणिवेत दडलेला नाही, तो कागदोपत्री आहे. २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेनं दोनशेहून अधिक ‘नकुशीं’ना नवी नावं दिली. ही नावं बारशाला, शुद्धीवर असलेल्या माणसांनी ठेवली होती. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर १००० मुलग्यांमागे मुली होत्या ८५१. मार्च २०१७ मध्ये याच जिल्ह्यातल्या म्हैसाळला, गर्भपातात दगावलेल्या एका विवाहितेच्या प्रकरणाचा तपास करताना, पोलिसांना पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भलिंगनिदानाचे पैसे मोजणाऱ्याला आपण काय करतो आहोत ते कळत असतं. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेणाऱ्या भावालाही कळत असतं. याला ‘नकळत’ म्हणणं म्हणजे गुन्हेगाराला रुग्ण ठरवणं. सगळेच दोषी म्हटलं की जाब कोणालाच द्यावा लागत नाही.

मग नकळत होणारा भेदभाव नसतोच का? असतो. पण त्याचा उत्तम पुरावा मनात डोकावून नव्हे, वागणूक मोजून मिळतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांच्या २००७ च्या अभ्यासात खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले. फरक फक्त नावांचा होता. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. मालकाच्या मनात काय होतं हे विचारायची गरजच पडली नाही.

पश्चिम बंगालमधला २००९ चा अभ्यास तर आपल्या कामाचाच आहे. नेत्याचं एकच भाषण कुठे पुरुषाच्या, कुठे स्त्रीच्या आवाजात ऐकवलं. जिथे आरक्षणामुळे बाई कधी प्रधान झालीच नव्हती, त्या गावांतल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे झाली होती, तिथे हा फरक जवळजवळ उरला नाही. त्या पुरुषांना आवडता नेता अजून पुरुषच होता, पण बाईच्या कामाची पारख ते नीट करू लागले होते. हे ७३ व्या घटनादुरुस्तीनं घडवलं. खुर्चीवर बाई बसल्यावर नजर बदलली.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या शिबिरात अशी झेरॉक्स हातात आली तर तीन गोष्टी विचारा. सोनोग्राफी केंद्रांचे एफ फॉर्म शेवटचे कधी तपासले? सातबाऱ्यावर किती मुलींची नावं लागली? महिला सरपंचाच्या खुर्चीत प्रत्यक्ष कोण बसतं? या प्रश्नांची उत्तरं दप्तरात आहेत, त्यासाठी कोणाच्या नेणिवेत उतरावं लागत नाही.