माथी आणि पावले

सपाटीवर ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी व आदिवासी भागात २०,००० मागे. हा निकष माथी मोजतो, पावले मोजत नाही. तापीकाठी तो एकवेळ पुरेल. चोपडा, यावल, शिरपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यांवर मात्र तेवढीच माणसे कितीतरी विस्तीर्ण मुलखात विखुरलेली असतात.

गुडघ्यांनी जेरीस आलेल्या वृद्धाची रक्तदाबाची गोळी संपली, की केंद्राची खेप आज-उद्यावर ढकलली जाते. गोळी सुटल्याचे शरीर बहुधा सांगत नाही. कधी एकदम पक्षाघातच सांगतो. म्हणून जवळच्या उपकेंद्रात त्या गोळ्या मिळतात का, नोंदकार्ड दाखवून घरच्या माणसाने आणलेल्या चालतील का, हे आशाताईंना विचारून ठेवावे. नाले भरण्याआधी पुरेसा साठा घरात असलेला बरा.

१०८ क्रमांकाची गाडी रस्ता असेल तेथवरच येते. रस्ता संपतो ते ठिकाण घरातील प्रत्येकाला दूरध्वनीवर नेमके सांगता यावे. आणि तेथवर रुग्णाला झोळीतून कोण आणणार, हेही आजच ठरवावे.