बिनविरोध म्हणजे एकी नव्हे!

ग्रामपंचायतीच्या निवडणुका आल्या की आमच्या सातारा-सांगलीकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास असते. अमुक गावची निवडणूक बिनविरोध! सोबत फेटे, गुलाल आणि मधोमध तालुक्याच्या पुढाऱ्यांचा फोटो. खाली ओळ असते, 'गावाने एकीचा आदर्श घालून दिला.' ही बातमी वाचून मला आनंद होत नाही. ही एकी नक्की कुणाची, हाच प्रश्न पडतो.

साधारण कसं ठरतं ते सांगतो. रात्री जेवणं झाल्यावर देवळात बैठक बसते. चार भावक्यांचे कारभारी, सोसायटीचे चेअरमन, दोन-तीन बागायतदार. पाटण-जावळीच्या डोंगरातल्या गावांची तर निम्मी माणसं पोटापाण्यासाठी मुंबई-नवी मुंबईला. कितीतरी गावांची नावं मुंबईकर मंडळाच्या बैठकीतच ठरून येतात. कोयनेच्या जलाशयाकाठी वर्षभर राहणारी माणसं म्हणजे म्हातारे आणि बायका. पावसाळ्यात वाट बंद झाली तर हाल त्यांचे, आणि सदस्य कोण ते ठरवणार घणसोलीत बसलेली मंडळी!

जागा महिलांसाठी राखीव असली की कुणाच्या तरी घरातलं नाव लिहायचं. त्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. तिनेही कुणाच्या दारात जाऊन मत मागितलेलं नसतं, त्यामुळे गावाची गाऱ्हाणी तिच्या कानावर पडलेली नसतात. मग पाच वर्षं सह्या तिच्या आणि कारभार नवऱ्याचा. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, २०११ मध्ये महाराष्ट्राने महिलांचं आरक्षण ५० टक्क्यांवर नेलं, ते काय यासाठी?

लोक म्हणतात, "गुरुजी, निवडणुकीने गावात भांडणं लागतात. खर्च होतो." मान्य आहे. दोनशे मतांच्या वॉर्डात एखादा दोन मतांनी पडला की भाऊबंदकी पेटते, लग्नाच्या पत्रिका बंद होतात. हे मी उभ्या आयुष्यात पाहिलं आहे. पण भांडण मतपेटीने लावलेलं नसतं. ते बांधावरचं असतं, पाण्याच्या पाळीचं असतं. देवळातल्या बैठकीत ते मिटत नाही, दुबळ्याने गप्प बसायचं एवढंच ठरतं. ज्याच्याकडून बियाण्याला पैसे उसने घेतलेत, त्याच्यासमोर "मला हा माणूस नको" असं कोण म्हणेल? मतदान गुप्त असतं ते याचसाठी.

सरकारी नोकरीत मतदान केंद्रावर पुष्कळ वेळा काम केलं. काठी टेकत आलेली म्हातारी शाई लावलेलं बोट निरखत बाहेर पडायची. वस्तीवर तिला विचारायला पुढारी यायचा तो पाच वर्षांतून एकदाच. बिनविरोधमध्ये तेवढंही उरत नाही. 'नोटा'चं बटण दाबायचीसुद्धा सोय नाही, कारण यंत्रच येत नाही.

त्यात पुढाऱ्यांचं आमिष. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांआधी राज्यातल्या अनेक आमदारांनी बिनविरोध होणाऱ्या गावांना लाखोंचा निधी जाहीर केला होता. निधी जनतेच्या कराचा, आणि बक्षीस कशाचं? तर मत न दिल्याचं! त्याच वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत पदांचे चक्क लिलाव झाले. उमराण्याची बोली २ कोटी ५ लाखांवर गेली होती. राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. लिलाव उघड झाला म्हणून पकडला गेला, एवढंच.

स्कॉटलंडसारख्या देशातही २०२२ च्या स्थानिक निवडणुकीत काही दुर्गम वॉर्डांत जागांइतकेच उमेदवार आले आणि मतदान झालंच नाही. तिथे या गोष्टीची काळजी व्यक्त झाली. आपण मात्र सत्कार करतो.

आपल्या भागाला तरी हे शोभत नाही. देवराष्ट्र्यात जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत, १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा आल्या. अंजनीच्या गरीब घरातले आर. आर. पाटील १९७९ मध्ये सावळज गटातून जिल्हा परिषदेत गेले आणि पुढे उपमुख्यमंत्री झाले. गटाची निवडणूक ही सामान्य घरातल्या पोरासाठी पहिली पायरी असते. मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षं सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांवर प्रशासक होते. विचारायला हक्काचा माणूस नसला की काय होतं, ते आपण तेव्हा भोगलं. मग गावपातळीवर तीच पाळी आपल्या हाताने का आणायची?

माझं म्हणणं साधं आहे. बिनविरोधची बक्षिसं बंद करा. एकच अर्ज आला तरी तो उमेदवार आणि 'नोटा' यांच्यात मतदान घ्या. गाव खरोखर एक असेल तर ते पेटीतून दिसेल. आणि नसेल, तर निदान त्या म्हातारीला तसं सांगता येईल.